मामांची हरकत

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नाही म्हणता येत नाही. जन्मात कधी आलं नाही. आठवडी बाजारात कुणी पायावर पाय दिला की 'हरकत न्हाई'. शेजाऱ्याच्या बैलानं आमची हिरवीगार तूर फस्त केली, तरी 'हरकत न्हाई, मुकं जनावर हाय'. माझ्या लग्नात माझ्या माहेरच्या, बिलोलीकडच्या माणसांनी जेवणाला एवढा उशीर केला की दिवस कलला. सगळं वऱ्हाड तोंड फुगवून बसलं होतं, आणि नवरदेवाचा बाप मांडवात हिंडून सांगत होता, "हरकत न्हाई, भूक चांगली लागंल." त्या रात्री माझे वडील आईला म्हणाले, पोरगी सुखात पडली.

सुखात पडले, खोटं कशाला बोलू? पण अशा माणसाबरोबर शेती करायची म्हणजे डोक्याला ताप. आमचे हे लातूरला नोकरीला, रविवारी येणार, झोपणार, भाकरी-ठेचा बांधून घेऊन जाणार. शेत मी आणि मामा बघतो. त्यात मजुरांना बोलणं, व्यापाऱ्याशी वाद, बांधावरची भांडणं ही सगळी खाती माझ्याकडे. मला ती जमतात. माझं माहेरचं बोलणं वेगळं, मी 'करून राहिले', 'जाऊन राहिले' म्हणते, 'हो'ला 'हाव' म्हणते, म्हणून सासरचे आधी हसायचे. आता भांडण निघालं की मलाच पुढं करतात.

आमचं गाव देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. गावातून जाणारा रस्ता इतका अरुंद की उसाचा ट्रॅक्टर आणि एसटी समोरासमोर आले की दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतात. दुसरं करणार काय? त्यामुळं गावाबाहेरून बायपास होणार हे कळलं तेव्हा मी तर खूश झाले होते. मग एक दिवस गायरानात पिवळे रंगवलेले दगड रोवलेले दिसले, आणि माझी खुशी उतरली.

गायरान म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा माळ. मधे एक तळं आहे. पावसाळ्यात माळावरचं पाणी त्या तळ्यात उतरतं आणि मुरत मुरत खाली गावच्या विहिरींना येतं. बाभळी, हिवर, बोरी, आणि दिवाळीपर्यंत गुडघ्याएवढं मारवेल गवत. सकाळी लवकर गेलात तर काळविटं दिसतात, आणि टिटव्या तर अशा ओरडतात की जणू आपणच त्यांच्या घरात शिरलो. शिरलेलोच असतो म्हणा. हे गायरान कुणा एकाचं नाही, म्हणून अख्ख्या गावाची जनावरं तिथं चरतात. मामांच्या देवणी गाईसुद्धा.

या गाईंविषयी मी काय सांगू! पांढरं स्वच्छ अंग, काळं तोंड, लोंबते कान. मामा सकाळी आधी गाईंशी बोलतात, मग माझ्याशी. आमच्यासारख्या कोरडवाहू घराला विकतचा चारा घालून ही दावण सांभाळणं शक्यच नाही. गायरान आहे म्हणून गाई आहेत. रस्ता तिथून गेला की तळ्याच्या तोंडाशी मातीचा भराव पडणार, पाणी अडणार, गवत जाणार, आणि गाई विकाव्या लागणार. मामा हे तोंडानं बोलले नाहीत. एका संध्याकाळी गोठ्यात कालवडीच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणाले, "सूनबाई, हाळीचा बाजार लांब हाय. हिला एवढं चालवल का?"

हाळीचा बाजार म्हणजे गुरांचा बाजार. मला गलबलून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "मामा, बाजाराचं बोलू नका. आधी भांडू, मग बघू," मी म्हटलं. त्यावर ते काय म्हणाले असतील? हरकत न्हाई.

भांडायला आमच्याकडे गुरुजी होते. गुरुजी मामांचे शाळेपासूनचे दोस्त, बौद्धवाड्यात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढून रिटायर झालेले. गावातल्या निम्म्या बाप्यांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे, त्यामुळं त्यांचा शब्द अजून चालतो. त्यांच्या भावकीतली काही घरं गायरानाच्या कडेची जमीन कसून खातात. त्यावरून मागं एकदा गुराखी आणि त्यांच्यात चांगली जुंपली होती. आता दोघांच्याही पोटावर एकच रस्ता येणार म्हटल्यावर सगळे चहाच्या हॉटेलात एका बाकड्यावर बसले. चुरमुऱ्यांचा सुशीला खात खात समिती झाली. समितीचं नाव काय ठेवायचं यावर जेवढा वाद झाला तेवढा रस्त्यावरही झाला नाही.

गुरुजींनी रस्त्याचा अहवाल मिळवला आणि हॉटेलात मोठ्यानं वाचला. आमच्या गायरानाला त्यात 'पडीक जमीन, तुरळक काटेरी झुडपे' म्हटलं होतं. झालं! माझं टाळकं फिरलं. पडीक म्हणे! अरे, जिथं अख्ख्या गावाची जनावरं पोट भरतात, जिथून घागरीत पाणी येतं, ते पडीक? मग तुमच्या हापिसासमोरची हिरवळ काय म्हणायची, जिच्यावर शेळीसुद्धा जाऊ देत नाहीत? मी एवढं बोलले की हॉटेलवाल्यानं मला न मागता चहा आणून दिला.

"हे सगळं सुनावणीत बोलायचं," गुरुजी म्हणाले. "पण लांबण लावायची नाही. लातूरहून अधिकारी येणार आहेत. प्रत्येकानं उठायचं, आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, आमची हरकत आहे. मग कारण. समजलं?"

आणि त्यांनी शाळेसारखी उजळणी घेतली. एकेकाला उभं केलं. सगळ्यांनी खणखणीत आवाजात 'आमची हरकत आहे' म्हटलं. मामांची पाळी आली. मामा उठले, टोपी सारखी केली, आणि घशातून आवाजच निघेना.

"म्हण की," गुरुजी म्हणाले.

"आमची," मामा म्हणाले, "थोडीशी..."

"थोडीशी काय थोडीशी! भाजी मागायलास का बाजारात?"

हॉटेलात हशा झाला. मामापण हसले. मी घरी येऊन पुन्हा उजळणी घेतली. भाकरी थापता थापता विचारलं, "मामा, रस्ता गायरानातून जाऊ द्यायचा का?" तर म्हणाले, "न्हाई." मी म्हटलं, "मग म्हणा, हरकत हाय." तर म्हणाले, "म्हणतो की. तिथं म्हणतो. इथं तुला कशाला म्हणू?" माणूस बाकी पक्का.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. अधिकारी मॅडम तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या, नुकत्याच लातूरला बदलून आलेल्या. बोलायला नम्र. बाजूला कारकून लिहीत बसलेला. मंडपाचं कापड अपुरं पडलं होतं, म्हणून म्हातारी माणसं उन्हात बसली होती. गुरुजी बोलले, मस्त बोलले, तळ्याचं पाणी कुठून येतं आणि भराव घातला की कुठं जाईल हे हातवारे करून सांगितलं. मी बोलले. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण माइकवाल्यानं मधेच आवाज कमी केला होता. एकेक करून सगळ्यांनी हरकत सांगितली आणि कारकुनानं ती लिहून घेतली.

शेवटी मामा. गावातले सगळ्यात जुने गाईवाले, म्हणून गुरुजींनी मुद्दाम शेवटी ठेवलेले. मामा काठी टेकत पुढं गेले. मॅडमनी बघितलं की हा म्हातारा माणूस एवढा वेळ उन्हात बसलाय. त्या आपल्या माणुसकीनं म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला फार वेळ उन्हात थांबावं लागलं."

मामा म्हणाले, "हरकत न्हाई."

कारकुनाचं पेन चाललं. मॅडमनी वर बघितलं. "हरकत नाही?"

"न्हाई, न्हाई," मामा अगदी मनापासून म्हणाले, "काहीच हरकत न्हाई." त्यांना वाटलं, मॅडमना उन्हाचं वाईट वाटायलंय, त्यांची समजूत काढावी.

"बरं. मग इथं सही करा," कारकून म्हणाला, आणि मामांनी केली.

गुरुजींनी कपाळावर हात मारला, त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. गावातला सगळ्यात मोठा गाईवाला, ज्याच्या गाईंसाठी हे सगळं चाललंय, त्याचीच रस्त्याला हरकत नाही! मी माइक बिइक न घेता उठले. "ओ मॅडम, थांबा! ते तसं न्हाई! आमच्या मामांची हरकत न्हाई म्हणजे हरकत हाय!"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे?"

"म्हणजे ते सगळ्यालाच हरकत न्हाई म्हणतात! विचारा कुणालाबी!"

मग जे झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. शेजारचा बैलवाला उठला. "माझ्या बैलानं यांची तूर खाल्ली मॅडम, तवाबी हेच म्हणाले." मागून एक जण ओरडला, "मी यांची सायकल नेऊन मोडून आणली, तवाबी!" तिसरा म्हणाला, "माझ्या पोराच्या लग्नात यांना आहेर द्यायचं राहिलं, तवाबी!" त्यावर त्याची बायको त्याला म्हणाली, "आता चारचौघांत सांगायलाव व्हय!" गुरुजी उठून म्हणाले, "मॅडम, मी याला पहिलीपासून ओळखतो. याची पाटी मी फोडली होती." सगळं पटांगण हसायला लागलं. कारकून हसला. मॅडमनी पदर तोंडाला लावला. मधे मामा उभे, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि त्यांना कळेचना की आपल्या चांगुलपणाचा असा पंचनामा का चाललाय.

मॅडमनी डोळे पुसले आणि मामांना जवळ बोलावलं. "बाबा, मला सरळ सांगा. रस्ता गायरानातून गेला तर तुम्हाला चालेल का?"

मामांनी माळाकडे बघितलं. मग म्हणाले, "गाई कुठं जातील, मॅडम?"

मॅडम कारकुनाला म्हणाल्या, "ते खोडा. हे लिहा." मग त्या आमच्याकडे वळल्या. "मला ती जागा स्वतः बघायची आहे. कधी येऊ?"

मी म्हटलं, "येळवसेला या."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, आमच्या भागातला शेताचा सण. मॅडमना माहीत नव्हता. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात, कारण ज्याला शेत आहे तो शेतात असतो, आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा करायची, आणि आंबील शिंपत शेताला फेरी मारायची. मग खायचं. आडवं होईपर्यंत खायचं. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "शाबास! पोट भरलं की माणूस नीट ऐकतो."

मॅडम आल्या. बरोबर रस्त्याचा इंजिनीअरही आला, नकाशाची गुंडाळी बगलेत मारून. मामांनी दोघांना गायरानात फिरवलं. मामा नुसते पुढं चालत राहिले. तळ्यात पाणी होतं, गाई पाण्यात पाय घालून उभ्या होत्या. इंजिनीअरच्या पॅंटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली. तो दर चार पावलांना वाकून ती उपटायचा आणि नवीन चिकटवून घ्यायचा. मॅडमना टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून पार तळ्यापर्यंत पिटाळलं. "हिचं घरटं असणार इथं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हाव, पडीक जमिनीत." त्या हसल्या, पण ऐकलं त्यांनी.

मग आमच्या शेतात आलो. आमचं शेत गायरानाच्या खाली, काळंभोर. त्या वर्षी हरभरा फुलात होता, ज्वारीनं कणसं धरली होती, पलीकडे तूर. कोपीसमोर घोंगडी अंथरली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, शेंगांची पोळी, गव्हाची खीर, मडक्यातलं थंडगार लसणाचं आंबील. इंजिनीअर आधी 'थोडंच' म्हणाला. मग त्यानं आंबिलाचा तिसरा तांब्या मागितला, तेव्हा गुरुजींनी मला डोळा मारला.

जेवण झाल्यावर इंजिनीअरनं घोंगडीवर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार उंडे ठेवले, वारा होता म्हणून. बराच वेळ तो आणि मॅडम हळू आवाजात बोलत राहिले. मग मॅडम म्हणाल्या, "गायरान सोडून रस्ता खालून नेता येईल. वळण थोडं मोठं होईल, पण होईल. तळं राहतं, माळ राहतो."

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. गुरुजींनी मामांच्या पाठीवर थाप मारली. पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी नकाशावरून बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबवलं. "खालून म्हणजे इथून. एकदोघांचे कोपरे जातील. बाकी सगळं हे शेत. आपण बसलोय ते."

माझ्या हातात भज्जीचा डाव होता. तो तसाच राहिला. मला वाटलं, कानात काहीतरी झालं. गायरान वाचवायला मी घसा फोडला, समित्या केल्या, आणि आता माझंच शेत? या शेताचा वाफा न् वाफा मी खुरपलाय. इथलं ढेकूळ हातात घेतलं की कुठल्या कोपऱ्यातलं ते मी सांगेन. मी मामांकडे बघितलं. मनात म्हटलं, मामा, आता तरी तोंड उघडा. आता तरी नाही म्हणा.

मामांनी तांब्या खाली ठेवला. मिशा पुसल्या. म्हणाले, "मॅडम, शेत माझं हाय. माझं हाय ते मी देऊ शकतो. गायरान माझं न्हाई. जे माझं न्हाई ते मी कसं देऊ?"

गुरुजी दुसरीकडे बघायला लागले. मग मामा माझ्याकडे वळले. "पर राबती ही. माझ्यापरीस जास्त हिचं हाय. सूनबाई, तू बोल."

या माणसाचा मला इतका राग आला होता, आणि त्याच क्षणी त्याच्या पाया पडावं वाटत होतं. फुलातल्या हरभऱ्याकडे बघवत नव्हतं. रडू आलं, सगळ्यांसमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही. वर माळावर गाई चरत होत्या, इथून ठिपक्याएवढ्या दिसत होत्या. त्यातली कुठली कुठं चालली हे मामा न बघता सांगू शकले असते.

मी म्हटलं, "लिहा मॅडम. मामा म्हणाले तेच लिहा." आणि इंजिनीअरला म्हटलं, "पण साहेब, विहिरीला हात लावाल तर गाठ माझ्याशी हाय."

"विहीर सोडतो, ताई," तो बिचारा घाईघाईनं म्हणाला, आणि तिथल्या तिथं पेन्सिलनं विहिरीला गोल केला.

बरेच दिवस गेले, कागद फिरले, आणि रस्ता खालूनच झाला. शेताची एक पट्टी राहिली, विहीर राहिली. मोबदला मिळाला, पण त्यात काळी माती काही मिळाली नाही. हे लातूरहून आले, बघितलं आणि पहिल्यांदाच रविवारी झोपले नाहीत, दिवसभर बांधावर बसून राहिले. मामांच्या गाई गायरानात आहेत. ज्या कालवडीला हाळीपर्यंत चालवेल का म्हणून विचारत होते, ती आता दूध देते. मामा सकाळी आधी तिच्याशी बोलतात, मग माझ्याशी.

परवा मी उदगीरहून एसटीनं येत होते. गाडी बायपासला लागली, भरधाव निघाली. मी उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, इथं थांबा न्हाई."

"उतरायचं न्हाई रे बाबा," मी म्हटलं. "ड्रायव्हरला सांग, जरा हळू हाक. तुम्ही आमच्या शेतातून चाललाव."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. आणि बेल मारली.